हरलेल्यानं लिहून ठेवलेला डाव

२१ जून १८५१ची गोष्ट. लंडनमध्ये त्या उन्हाळ्यात जगभरच्या यंत्रांचं आणि मालाचं भलंमोठं प्रदर्शन भरलं होतं. त्याच निमित्तानं बुद्धिबळाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धाही सुरू होती. स्पर्धेच्या मधल्या वेळात सिम्प्सन्स डिव्हान नावाच्या कॅफेत दोघे जण सहज एक डाव मांडून बसले. पांढरे मोहरे होते ब्रेस्लाऊ शहरातल्या गणिताच्या शिक्षकाकडे, अॅडॉल्फ अँडरसनकडे. काळे होते लायोनेल किझेरित्स्कीकडे. हा पॅरिसच्या एका कॅफेत तासाला पाच फ्रँक घेऊन लोकांना बुद्धिबळ शिकवायचा.

त्या डावात अँडरसननं आधी एक उंट दिला, मग एकामागोमाग दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीरही दिला. हाती उरलेला एक उंट आणि दोन घोडे एवढ्यावर त्यानं मात केली. किझेरित्स्कीची तोवर फक्त तीन प्यादी पटावरून गेली होती. आपलं जवळपास सगळं सैन्य शाबूत असताना राजा मेला, हे पाहून त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर तो डाव विसरून जायचा प्रयत्न केला असता. बक्षीस नाही, गुण नाहीत, साक्षीदार मोजके. किझेरित्स्कीनं मात्र चाली टिपून पॅरिसला कळवल्या आणि स्वतः चालवत असलेल्या मासिकात पुढच्याच महिन्यात छापल्या. आज जगभर 'अमर डाव' म्हणून जो शिकवला जातो तो हाच. त्याला अमर केलं ते हरलेल्या माणसानं. दोन वर्षांनी तो पॅरिसमध्ये दारिद्र्यात वारला.

बुद्धिबळातल्या जुन्या उस्तादांबद्दल वाचायला लागलं की पहिल्यांदा त्यांचे विक्षिप्तपणे भेटतात: कोण वेडा झाला, कोण भिकेला लागला, कोण डोळे बांधून खेळला. ते सगळं खरं आहे आणि त्यातलं काही खाली येईलच. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो साधा प्रश्न: हे लोक आपल्यापर्यंत पोचले कसे? आणि त्यांचं म्हणून आज आपल्या पटावर नेमकं काय आहे?

अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं ध्वनिमुद्रित झालेलं नाही. त्यांच्या शिष्यांच्या गळ्यावरून आपण अंदाज बांधतो. जुन्या पैलवानांच्या कुस्त्यांचंही तेच, आठवणी आणि आख्यायिका. बुद्धिबळाचं तसं नाही. पटावर ६४ घरं, प्रत्येक घराला नाव: उभ्या आठ पट्ट्यांना ए ते एच अक्षरं, आडव्या आठ ओळींना १ ते ८ आकडे. कुठला मोहरा कुठल्या घरात गेला एवढं लिहिलं की चाल झाली. चार तासांचा डाव अर्ध्या पानात मावतो, आणि ते अर्धं पान हाती असलं की दोनशे वर्षांपूर्वीचा खेळ जसाच्या तसा, एका चालीचाही फरक न पडता, पुन्हा मांडता येतो. जाणकाराला त्यातून खेळणाऱ्याची घाई दिसते, भीती दिसते, हाव दिसते. अट एकच, त्या वेळी कुणीतरी लिहायला बसलेलं हवं.

लिहिण्याची ही गोष्ट बगदादमध्ये सुरू होते. खेळ आपला, चतुरंग या नावानं भारतातून इराणात गेलेला, तिथून अरबांकडे 'शतरंज' होऊन पोचलेला. आपण आजही 'शह' देतो आणि 'मात' करतो ते फारसी-अरबी शब्दांत. खेळ गेला आणि परत येताना भाषा घेऊन आला. नवव्या-दहाव्या शतकात अब्बासी खलिफांच्या दरबारी उत्तम शतरंज खेळणारे पदरी असत. त्यांतला सर्वांत मोठा अबू बक्र अस-सूली. तो मुळात विद्वान. कवींची चरित्रं लिहिणारा, दरबाराचा इतिहास लिहिणारा. खलिफा अल-मुक्तफी याचा आवडता खेळाडू होता अल-मावर्दी. सूलीशी त्याचा सामना लावला तेव्हा खलिफा उघडपणे आपल्या माणसाची बाजू घेत होता. सूलीनं त्याला असा हरवला की खलिफा म्हणाला, ‘तुझ्या गुलाबपाण्याचं मूत झालं!’ मावर्द म्हणजे गुलाबपाणी. श्लेष दरबारी आहे, पण ज्याची नोकरी त्यावर अवलंबून त्याला तो सोसायला जड गेला असणार.

सूलीचा खेळ समजून घ्यायचा तर आजचा पट थोडा विसरावा लागतो. आपल्या वजिराच्या जागी तेव्हा 'फर्जी' होता आणि तो तिरका एकच घर चालायचा. उंटाच्या जागी 'फील', म्हणजे खरं तर हत्ती, आणि तो तिरकी दोन घरं उडी मारायचा, मधलं घर ओलांडून. दोन्ही मोहरे लंगडेच. त्यामुळे डाव हळू चाले. सुरुवातीच्या दहा-बारा चाली दोघेही आपापल्या बाजूला ठरावीक मांडणी उभारत बसत. मांडण्यांना 'ताबिया' म्हणत, आणि कुठली ताबिया कुठलीवर भारी याची तुलना करणारं लिखाण सूलीनं केलं. ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा, अभ्यास म्हणतात त्याची ही सुरुवात. दुसरा प्रकार 'मन्सूबा': पटावर अवघड स्थिती मांडायची आणि इथून जिंकून दाखव म्हणायचं. मराठीत आपण 'मनसुबा रचला' म्हणतो तो हाच शब्द. हा शब्द वापरताना आपल्या तोंडी बगदादचा पट असतो हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

सूलीचा एक मन्सूबा फारच गाजला. पटावर चारच मोहरे, दोन राजे आणि दोन फर्जी. शतरंजमध्ये समोरच्याचा राजा एकटा पाडला की डाव जिंकला. म्हणजे शत्रूचा फर्जी मारायचा, एवढंच काम. दिसायला पोरखेळ. सूलीनं लिहून ठेवलं की ज्यांना मी शिकवलं ते सोडून पृथ्वीवर कुणाला हे सुटणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे हजारेक वर्षांनी, सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी अव्हरबाख यांनी त्याची उकल मांडली. सूली स्वतः शेवटी दरबाराच्या मर्जीतून उतरला आणि ९४६च्या सुमारास बसऱ्यात हलाखीत मेला. त्याला हरवणारा माणूस त्याच्या हयातीत भेटला नाही म्हणतात. पण त्याची कीर्ती टिकली ती त्या चार मोहऱ्यांच्या कोड्यावर, कारण नकलकारांनी ते एका हस्तलिखितातून दुसऱ्यात उतरवत ठेवलं.

पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेन-इटलीकडे खेळाचे नियम बदलले. लंगडा फर्जी जाऊन त्या जागी सगळ्या दिशांना हवं तितकं धावणारा आजचा वजीर आला, उंटाला पूर्ण तिरकी पट्टी मिळाली. डाव एकदम धारदार झाला आणि जुन्या ताबिया कुचकामी ठरल्या. नव्या नियमांवरचं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं छापील पुस्तक लुसेना नावाच्या स्पॅनिश माणसाचं, सालामांका, १४९७. त्यात ओपनिंगच्या चाली आहेत, तसाच असाही सल्ला आहे की पट असा ठेवावा की उजेड प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर येईल. आज हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती या अंतिम डावात जिंकण्याची जी मुख्य पद्धत शिकवतात तिला 'लुसेनाची स्थिती' म्हणतात. ती त्याच्या पुस्तकात नाहीच! ती १६३४ साली साल्व्हिओ या इटालियन लेखकाच्या ग्रंथात येते. नावं अशीही चिकटतात. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूचं मात्र नाव योग्य जागी आहे: १५६१च्या त्याच्या पुस्तकामुळे ओळखली जाणारी ती ओपनिंग, ज्यात तिसऱ्या चालीला उंट बी५ वर जाऊन घोड्यावर दाब आणतो, आजही जगज्जेतेपदाच्या लढतींत खेळली जाते.

त्यानंतरचा माणूस मला फार आवडतो. जोआकिनो ग्रेको, इटलीच्या दक्षिणेचा, कालाब्रियाचा, साधारण १६००च्या सुमारास जन्मलेला. गरीब घर. भांडवल एकच, बुद्धिबळ. रोम, नॅन्सी, पॅरिस, लंडन असा तो फिरला. श्रीमंतांशी खेळायचा, आणि त्यांना आपल्या हातानं लिहिलेल्या वह्या द्यायचा. त्या वह्यांत नुसत्या सुरुवातीच्या चाली नव्हत्या, पहिल्या चालीपासून मात होईपर्यंत पूर्ण डाव होते. ते बहुतेक प्रत्यक्ष खेळलेले नसून शिकवण्यासाठी रचलेले असावेत, पण त्यामुळे त्यांची किंमत कमी होत नाही. आधीचे लेखक सांगत, अशी चाल करू नये. ग्रेको दाखवायचा की केली तर पुढे काय होतं, कसा उंट एच७ वरच्या प्याद्यावर जाऊन पडतो आणि राजाला बाहेर ओढतो. लंडनच्या वाटेवर त्याला लुटलं गेलं. शेवटी वेस्ट इंडिजला गेला आणि १६३४च्या सुमारास, पस्तिशीच्या आतबाहेर, तिथेच वारला. १६५६ साली लंडनमध्ये त्याचे डाव छापले गेले आणि पुढचं शतकभर युरोप त्यावरच शिकला. आजही मुलांना जे पहिले सापळे शिकवले जातात, त्यातले बरेच ग्रेकोच्या वहीतले आहेत.

आता फिलिडोर. इथे जरा थांबावं लागेल, कारण खेळण्याची रीत आणि विचार करण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्यांच्यामुळे कळलं त्यांत हा पहिला.

फ्रान्स्वा-आंद्रे दानिकां फिलिडोर, जन्म १७२६, द्रू गावी. घराणं फ्रान्सच्या राजदरबारी संगीतकारांचं. सहाव्या वर्षी तो व्हर्सायच्या राजवाड्यातल्या प्रार्थनामंदिरात गायकमुलांत दाखल झाला. प्रार्थना सुरू होईपर्यंत वादकांना बरंच थांबावं लागे. पत्ते खेळायला बंदी होती, म्हणून तिथे बुद्धिबळाचे पट कोरलेलं एक लांब टेबल होतं. पोरगा बघत बघत शिकला. आवाज फुटला तसा पॅरिसला आला, संगीताचे कागद नकलून देऊन, शिकवण्या करून पोट भरू लागला आणि उरलेला वेळ काफे द ला रेजांसमध्ये घालवू लागला. तिथे लेगाल नावाचा उत्तम खेळाडू त्याचा गुरू झाला. १७४५मध्ये एका संगीताच्या दौऱ्यासाठी तो हॉलंडला गेला. दौरा मोडला आणि तो परमुलखात अडकला, खिशात पैसे नाहीत. बुद्धिबळ शिकवूनच त्यानं दिवस काढले. दोन वर्षांनी लंडनमध्ये त्यानं अलेप्पोचा प्रसिद्ध खेळाडू फिलिप स्टामा याला हरवलं, तेही पहिली चाल नेहमी त्याला देऊन आणि बरोबरी झाली तर ती त्याच्याच खात्यात मोजायची या अटीवर. १७४९ साली, तेविसाव्या वर्षात, त्याचं 'बुद्धिबळाचं विश्लेषण' लंडनमध्ये प्रसिद्ध झालं.

त्या पुस्तकातलं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं: प्यादी हा बुद्धिबळाचा आत्मा आहे. याचा अर्थ मात्र नीट उलगडून पाहायला हवा. पटावरचा प्रत्येक मोहरा चुकला तर मागे येऊ शकतो. घोडा वाईट घरात गेला, दोन चालींत परत आणता येतो. प्यादं एकदा पुढे सरकलं की सरकलं. म्हणून प्याद्याची प्रत्येक चाल कायमची असते. आठ प्यादी कुठे उभी आहेत यावर ठरतं की उंटाची पट्टी मोकळी की बंद, हत्तीला रस्ता आहे की नाही, घोड्याला पाय रोवायला जागा कुठे. शेताचे बांध जसे एकदा घातले की पाणी कुठून वाहणार ते ठरून जातं, तसं. फिलिडोरच्या आधी प्यादी म्हणजे वाटेतली अडगळ, हल्ल्यासाठी उधळून द्यायची चिल्लर. त्यानं सांगितलं, प्यादी एकमेकांना धरून, फळी करून पुढे न्या, एकटं प्यादं मागे लटकवू नका, आणि आपल्याच मोहऱ्यानं आपल्या प्याद्याची वाट अडवू नका. हा नियम तो इतका ताणायचा की दुसऱ्याच चालीला घोडा एफ३ वर काढणंही त्याला पसंत नव्हतं, कारण एफ पट्टीतलं प्यादं अडतं. मोदेनाच्या इटालियन अभ्यासकांनी त्यावर त्याला धारेवर धरलं आणि त्या बाबतीत ते बरोबर होते. पण मूळ विचार फिलिडोरचाच टिकला. आज प्रशिक्षक 'प्याद्यांची रचना' म्हणून जे तासन्‌तास शिकवतात त्याचं मूळ इथे आहे.

त्यानं स्वतःला मात्र संगीतकारच मानलं. 'तोम जोन्स' आणि इतर ऑपेरा त्यानं लिहिले, ते चालले. १७७५पासून दर वर्षी काही महिने तो लंडनच्या बुद्धिबळ क्लबात पगारावर खेळायला जायचा. तिथे पट न पाहता एकाच वेळी दोन-तीन डाव खेळून दाखवायचा. १७८२मध्ये तत्त्वज्ञ दिदेरो यांनी त्याला पत्र लिहून कळकळीनं विनवलं की या पोरकट कौतुकासाठी आपली बुद्धी धोक्यात घालू नकोस. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली. तो लंडनमध्ये असताना मायदेशी त्याचं नाव देश सोडून गेलेल्यांच्या यादीत पडलं, परतीचा रस्ता बंद झाला. ३१ ऑगस्ट १७९५ रोजी, बायको-मुलं पॅरिसला असताना, तो लंडनमध्ये वारला.

आता लिहिण्याची गोष्ट. एवढ्या मोठ्या खेळाडूचे प्रत्यक्ष खेळलेले डाव आज मोजकेच सापडतात, आणि ते बहुतेक उतारवयातले. तेही टिकले कारण क्लबात जॉर्ज अॅटवूड नावाचा एक गणिती येत असे आणि त्याला चाली उतरवून ठेवायची सवय होती. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्रात कप्पीवरून दोन वजनं सोडलेलं 'अॅटवूडचं यंत्र' शिकलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. तोच हा. व्यासांना गणपती मिळावा तसा फिलिडोरला हा मिळाला, फक्त फार उशिरा. पंचविशीतल्या, ऐन भरातल्या फिलिडोरचा खेळ असा कुणी टिपला नाही.

१८३४मध्ये हे चित्र बदललं. फ्रान्सचा ला बुर्दोने आणि आयर्लंडचा मॅकडॉनल लंडनमध्ये त्या उन्हाळ्यात एकमेकांशी ८५ डाव खेळले. ला बुर्दोने हा १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणाऱ्या फ्रेंच नौसेनानीच्या घराण्यातला. खेळताना बडबड्या, जिंकत असला की गुणगुणायचा, हरत असला की शिव्या द्यायचा. मॅकडॉनल तोंडातून शब्द न काढता एकेका चालीवर कितीतरी वेळ बसायचा, कारण घड्याळ लावायची पद्धत तेव्हा नव्हती. त्या दोघांच्या शेजारी रोज एक वयस्कर गृहस्थ कागद घेऊन बसत, क्लबाचे सचिव विल्यम ग्रीनवुड वॉकर. ते प्रत्येक चाल लिहीत राहिले. दोन बरोबरीच्या उस्तादांची इतकी लांबलचक झुंज पूर्ण नोंदली जाण्याची ही पहिली वेळ, आणि ती छापून आल्यावर पुढच्या पिढीला पहिल्यांदाच ग्रेकोच्या रचलेल्या डावांऐवजी खऱ्या लढाया अभ्यासायला मिळाल्या. मॅकडॉनल पुढच्याच वर्षी गेला. ला बुर्दोनेनं जगातलं पहिलं बुद्धिबळ मासिक काढलं आणि १८४०मध्ये लंडनमध्येच कफल्लक अवस्थेत तो गेला. दोघेही केन्सल ग्रीनच्या एकाच दफनभूमीत आहेत.

पॉल मॉर्फीचं आयुष्य बहुतेकांना थोडंफार माहीत असतं. न्यू ऑर्लिन्स, जन्म १८३७, वडील न्यायाधीश. विशीच्या आत कायद्याची पदवी, पण वकिली करायला वय कमी पडत होतं. त्या मधल्या वेळात त्यानं १८५७ची अमेरिकेतली मोठी स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी युरोपात गेला आणि डिसेंबर १८५८मध्ये 'अमर डाव' खेळणाऱ्या त्याच अँडरसनला पॅरिसमध्ये सात-दोन असं हरवलं, दोन डाव बरोबरीत. इंग्लंडचा नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टाँटन मात्र त्याच्याशी एकास एक सामना खेळायला कधी बसलाच नाही.

मॉर्फी इतरांहून वेगळा कसा, हे एका डावातून दिसतं. पॅरिसच्या ऑपेरात, नाटक चालू असताना, ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर मिळून त्याच्याविरुद्ध खेळले. त्यांनी दुसऱ्या चालीला खेळला तो फिलिडोरचाच बचाव. १७ चालींत मात. हा डाव पटावर मांडून शेवटच्या स्थितीकडे बघावं. काळ्याचा राजाकडचा उंट आणि त्याच्या शेजारचा हत्ती मूळ घरातून हललेलेच नाहीत. अर्धं सैन्य छावणीत झोपलेलं. मॉर्फीचा प्रत्येक मोहरा लढाईत उतरलेला होता. त्यानं घोडा दिला, हत्ती दिला, वजीरही दिला, आणि शेवटी उरलेल्या हत्ती आणि उंटानं मात केली. अँडरसनही असेच बळी द्यायचा, पण त्याच्या हल्ल्यात विजेसारखी स्फूर्ती होती. मॉर्फीचा हल्ला हिशेबाचा: आधी सगळे मोहरे भराभर बाहेर काढायचे, राजा कॅसलिंग करून, म्हणजे हत्तीच्या आडोशाला नेऊन, सुरक्षित करायचा, मधली पट्टी उघडायची, आणि जिथे माझे चार लढणारे आणि तुझे दोन, तिथेच वार करायचा. पटावर सैन्य किती यापेक्षा कामाला लागलेलं किती, हे मोजायला त्यानं शिकवलं.

शिकवलं म्हणतो, पण त्यानं पुस्तक लिहिलं नाही, आपले डाव टिपण्यातही त्याला रस नव्हता. फ्रेडरिक एज नावाचा एक वार्ताहर युरोपात त्याचा सचिव म्हणून सोबत होता. मॉर्फीनं काफे द ला रेजांसमध्ये पट न पाहता एकाच वेळी आठ जणांशी दहाएक तास खेळून दाखवलं. एजच्या सांगण्यानुसार दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मॉर्फीनं त्याला बोलावून त्या आठही डावांच्या चाली तोंडी सांगितल्या. एज होता म्हणून ते कागदावर आले. घरी परतल्यावर मॉर्फीनं बुद्धिबळ जवळजवळ सोडलं. पुढे यादवी युद्ध झालं, वकिली जमली नाही, लोक आपल्या जिवावर उठलेत असे भास होऊ लागले. १० जुलै १८८४ रोजी, ४७व्या वर्षी, दुपारी आंघोळीच्या टबात तो मृत सापडला.

त्याच्या आदल्या वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यात एक बुटका, दाढीवाला माणूस त्याला थोडा वेळ भेटला होता. विल्हेल्म स्टाइनिट्झ. प्रागच्या ज्यू वस्तीत १८३६ला जन्मलेला, व्हिएन्नात तंत्रशिक्षणासाठी येऊन कॅफेत पैशावर बुद्धिबळ खेळू लागलेला. तरुणपणी तोही अँडरसनसारखाच बेधडक. १८६६मध्ये त्यानं अँडरसनला आठ-सहा असं हरवलं, तेव्हा एकही डाव बरोबरीत सुटला नव्हता. मग १८७३च्या सुमारास त्याचा खेळ पालटला आणि लोकांना तो भित्रा, कुरूप वाटू लागला.

त्याचं म्हणणं असं. डावाच्या सुरुवातीला दोन्ही बाजू तुल्यबळ. तराजू समतोल असताना कुणी हल्ला केला आणि समोरच्यानं अचूक बचाव केला, तर हल्ला फसलाच पाहिजे. मग सुंदर हल्ले यशस्वी का होतात? कारण बचाव करणारा चुकतो, किंवा तराजू आधीच कललेला असतो. म्हणजे आधी तराजू कलवायचा. कसा? थेंबे थेंबे तळे साचे. समोरच्याच्या प्याद्यांत एखादं घर असं शोधा की ज्याची राखण आता कुठलंच प्यादं करू शकणार नाही; तिथे घोडा बसवा. दोन्ही उंट आपल्याकडे ठेवा. एक पट्टी ताब्यात घ्या. यातल्या एकेकानं काही होत नाही, पाच-सहा जमले की हल्ला करणं भागच असतं, नाही केला तर मिळवलेलं निसटतं. फिलिडोरनं प्याद्यांबद्दल सांगितलं होतं ते स्टाइनिट्झनं अख्ख्या पटाला लावलं. आज संगणक प्रत्येक स्थितीपुढे बारीकसा आकडा दाखवतो, पांढऱ्याला शून्य पूर्णांक तीन जास्त, काळ्याला दोन जास्त. स्टाइनिट्झ मनात तेच करू पाहत होता.

आणि त्यानं लिहिलं. वृत्तपत्राच्या स्तंभात वर्षानुवर्षं, मग स्वतःच्या मासिकात, डावामागून डाव उकलून. १८८६मध्ये न्यू यॉर्क, सेंट लुइस आणि न्यू ऑर्लिन्स इथे त्सुकरटोर्टला दहा-पाच हरवून तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला, १८९४मध्ये एमान्युएल लास्करकडून हरला. पुढे मन ढळलं. १२ ऑगस्ट १९०० रोजी न्यू यॉर्कच्या मनोरुग्णालयात तो गेला, हातात पैसा नव्हता.

या सगळ्या यादीत भारतीय नाव नाही, याची खंत मला या विषयावर लिहिताना दर वेळी वाटते. खेळ इथला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लासा'त बुद्धिबळावर लिहिलं. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातले नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूखा'त या खेळाची माहिती दिली. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं, संस्कृतातून इंग्रजीत आणलेलं, पटावरच्या अवघड स्थितींचं पुस्तक छापलं गेलं. नियम आहेत, मांडणी आहे, कोडी आहेत. पण अमक्यानं तमक्याशी खेळलेला हा डाव, ही पहिली चाल आणि ही शेवटची, असं आपल्याकडे लिहिलं गेलं नाही. ओसरीवर, देवळाच्या कट्ट्यावर पिढ्यान्‌पिढ्या रंगलेले डाव तिथेच विरले.

एक अपवाद आहे. जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करायचा आणि युरोपातल्या उत्तम खेळाडूंशी खेळलेला होता. १८४८च्या सुमारास त्याच्या कानावर आलं की बंगालच्या मुफस्सलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, एक ब्राह्मण आहे, तो कधी हरलेलाच नाही. त्याचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. कॉक्रननं त्याला गाठलं, कलकत्त्याच्या क्लबात आणलं, आणि पुढची बारा वर्षं दोघे खेळत राहिले. कॉक्रन बहुतेक डाव जिंकायचा, पण तो चाली लिहून ठेवायचा, इंग्लंडला पाठवायचा, म्हणून शेकडो डाव शिल्लक आहेत.

महेशचंद्र देशी पद्धतीत वाढलेला. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. त्यामुळे मधल्या घरांवर एकदम धाव घ्यायची त्याला सवयच नव्हती. तो प्यादी एकेक घर सरकवायचा, उंट जी७ च्या कोपऱ्यातून लांब तिरक्या पट्टीवर रोखून ठेवायचा, आणि समोरच्याला मध्यभाग घेऊ द्यायचा. मग त्या मध्यभागावर दुरून मारा. तेव्हाच्या युरोपीय नजरेला हे अडाणी वाटलं. विसाव्या शतकात युरोपातल्या तरुण उस्तादांनी हाच विचार मोठ्या अभिमानानं मांडला, आणि अशा अनेक ओपनिंगना 'इंडियन' हे नाव राहिलं: किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन, क्वीन्स इंडियन. आज नागपूर-सांगलीच्या स्पर्धांत बारा वर्षांची मुलं किंग्ज इंडियन खेळतात, तेव्हा त्यातल्या 'इंडियन'चा माणूस महेशचंद्र आहे.

१८५५च्या एका डावात कॉक्रननं वजिरासमोरचं प्यादं दोन घरं ढकललं. महेशचंद्रनं घोडा काढला. सी पट्टीतलं प्यादं आलं, त्यानं जी६ खेळलं. पांढरा घोडा आला, आणि त्यानं डी५ वर प्यादं आणून मध्यभागाला आव्हान दिलं. हीच सुरुवात १९२२मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डनं मोठ्या स्पर्धांत आणली आणि ती त्याच्या नावानं ओळखली जाते. महेशचंद्रचा तो डाव मात्र पुढे बिघडला. कॉक्रनचा घोडा एफ७ वर येऊन बसला असताना त्यानं तो धोका न ओळखता आपला घोडा ए५ वर नेऊन पांढऱ्या वजिरावर रोखला. त्यापुढे तीन चालींत मात होती: घोडा एच६ वर जाऊन दुहेरी शह, मग वजीर जी८ वर देऊन टाकायचा, तो काळ्या हत्तीनं मारायचा, आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला एफ७ वर परतलेल्या घोड्यानं मात. कॉक्रननं या चाली इतर डावांसारख्याच आपल्या वहीत उतरवून घेतल्या.